शिकवायचं कसं : सांगून की शोधू देऊन?

शाळेच्या माहितीपत्रकात हल्ली एक परिच्छेद हमखास असतो. त्यात ‘कृतियुक्त अध्ययन’ असतं, ‘प्रकल्पाधारित शिक्षण’ असतं, ‘फ्लिप्ड क्लासरूम’ असते आणि शेवटी ‘आमच्याकडे घोकंपट्टी नाही’ हे ठासून सांगितलेलं असतं. पालक मान डोलावतात आणि बाहेर पडल्यावर एकमेकांना विचारतात, “म्हणजे नक्की करतात काय?” पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, जरा दबक्या आवाजात. “आपल्याला तर फळ्यापाशी उभं राहूनच शिकवलं. ते काय चुकीचं होतं?”

मी गणित शिकवते. या दुसऱ्या प्रश्नाला मी बरीच वर्षं ‘हो, चुकीचंच’ असं बेधडक उत्तर देत असे. आता देत नाही. का, ते सांगते.

नावं दहा, भांडण एकच

पद्धतींची नावं क्षणभर बाजूला ठेवा. वर्गाच्या दारात उभं राहून दोनच गोष्टी बघायच्या. या क्षणी डोकं कोण चालवतंय? आणि अडलं तर मदत किती आणि केव्हा मिळतेय?

एका टोकाला थेट अध्यापन आहे. शिक्षक कल्पना समजावतात, एक उदाहरण सोडवून दाखवतात, मग तसंच दुसरं मुलांकडून करून घेतात आणि चुकलं की तिथल्या तिथे दुरुस्त करतात. व्याख्यान हा याचाच आळशी भाऊ. त्यात सांगणं असतं, करून घेणं बहुधा गळून पडतं. लोक दोन्ही एकच समजतात आणि निम्मं भांडण तिथूनच सुरू होतं. दुसऱ्या टोकाला शोधपद्धत आहे. साहित्य द्यायचं, प्रश्न द्यायचा, नियम मुलांनी हुडकून काढायचा. बाकी सगळ्या पद्धती या दोन टोकांच्या मधे कुठेतरी बसतात.

म्हणजे वाद खरा एवढाच आहे, की आधार किती द्यायचा.

मनातलं टेबल फार लहान असतं

नुकतीच गाडी शिकायला लागलेल्या माणसाशी गप्पा मारून बघा. “जरा थांब, वळण घेऊ दे,” असं तो म्हणणारच. आरसा, क्लच, गिअर, मागून येणारा ट्रक, प्रत्येकाकडे त्याला वेगळं लक्ष द्यावं लागतं. वर्षभरानं तोच माणूस त्याच रस्त्यावर हसतखेळत गाडी चालवतो. दरम्यान त्याची बुद्धी वाढलेली नसते. वेगवेगळ्या हालचालींचं एक गाठोडं बांधलं गेलेलं असतं.

एका वेळी मनात धरून ज्यावर काम करता येतं त्या जागेला मानसशास्त्रात ‘कार्यरत स्मृती’ म्हणतात. आपण तिला टेबल म्हणू. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली या टेबलावर साधारण सात गोष्टी मावतात असं मांडलं, दोन इकडे दोन तिकडे. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये हा आकडा चारच्या आसपास आणला. टेबलामागे मात्र एक कपाट आहे, दीर्घकालीन स्मृतीचं, आणि ते प्रचंड मोठं आहे. कपाटातून काढलेलं तयार गाठोडं टेबलावर एकाच वस्तूची जागा घेतं.

ज्या मुलाला साता आठे छप्पन्न येतं त्याच्या टेबलावर ती एक वस्तू. ज्याला येत नाही तो आठ सात वेळा मिळवत बसतो, टेबल भरून जातं आणि ज्या अपूर्णांकासाठी हा गुणाकार हवा होता तो अपूर्णांक खाली घरंगळतो. मग आपण म्हणतो, याचं लक्षच नसतं.

ऑस्ट्रेलियात जॉन स्वेलर यांनी १९८०च्या दशकात याच धाग्यावर बीजगणिताचे प्रयोग केले. नवशिक्यांच्या एका गटाला गणितं सोडवायला दिली, दुसऱ्याला बरीचशी तशीच गणितं सोडवलेली देऊन अभ्यासायला सांगितलं. नंतरच्या चाचणीत सोडवलेली उदाहरणं अभ्यासणारे सरस ठरले. ऐकायला उलटं वाटतं, पण टेबलाचा विचार केला की पटतं. नवख्या माणसाची सगळी जागा वाट चाचपडण्यात जाते. कशीबशी पोचला तरी कुठून आलो हे त्याला सांगता येत नाही.

उतारावरचे चेंडू

अमेरिकेत डेव्हिड क्लार आणि मिलेना निगम यांनी तिसरी-चौथीच्या मुलांवर एक प्रयोग केला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. मला तो फार आवडतो, कारण तो डोळ्यांसमोर उभा करता येतो.

मुलापुढे दोन घसरगुंड्या आहेत. उतार कमी-जास्त करता येतो, पृष्ठभाग गुळगुळीत किंवा खरबरीत ठेवता येतो, चेंडू दोन प्रकारचे आहेत आणि तो वरून सोडायचा की मधून हेही ठरवता येतं. प्रश्न असा, की उतार वाढवला तर चेंडू जास्त लांब जातो का? मूल उत्साहानं कामाला लागतं. एक घसरगुंडी उंच, गुळगुळीत, चेंडू अगदी वरून. दुसरी बसकी, खरबरीत, चेंडू वेगळा, तोही मधूनच. पहिला चेंडू पार पुढे जातो. “बघा, उतारामुळे!” मूल खूश. प्रत्यक्षात त्याला काहीच कळलेलं नाही, कारण त्यानं चारही गोष्टी एकदम बदलल्या.

शिकायचं होतं ते हे, की एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकीच्या जैसे थे ठेवा. निम्म्या मुलांना हे काही चांगल्या-वाईट मांडण्या दाखवून सांगितलं, निम्म्यांना आपलं आपण शोधू दिलं. घसरगुंड्या दोन्ही गटांनी हाताळल्या. सांगितलेल्या गटात ७७ टक्के मुलांनी हे कौशल्य आत्मसात केलं, शोधणाऱ्या गटात २३ टक्क्यांनी. हात चालतायत म्हणजे डोकंही त्याच दिशेला चालतंय असं धरून चालता येत नाही.

याच प्रयोगाची पुढची पायरी कमी सांगितली जाते. नंतर या मुलांना इतर मुलांच्या विज्ञानप्रदर्शनातले तक्ते तपासायला दिले. ज्यांनी तत्त्व स्वतः शोधलं होतं ती मुलं आणि ज्यांना ते सांगितलं होतं ती मुलं, दोघांनी चुका सारख्याच चांगल्या हेरल्या. ‘स्वतः शोधलेलं जास्त पक्कं बसतं’ हे आपण इतक्या खात्रीनं बोलतो. इथे तरी तसं दिसलं नाही. अर्थात हा एक प्रयोग, एका कौशल्याचा आणि लहान मुलांचा. यावरून सगळ्या शोधपद्धतीला मोडीत काढणं म्हणजे पुन्हा चार गोष्टी एकदम बदलून निष्कर्ष काढणं झालं.

मग व्याख्यानच बरं म्हणायचं?

छे. एरिक माझूर हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवायचे, आणि विद्यार्थी त्यांच्यावर खूश होते. १९९०च्या सुमारास त्यांनी वर्गाला अगदी साध्या शब्दांतली एक चाचणी दिली. आकडेमोड नव्हती. प्रश्न अशा धर्तीचे, की अवजड ट्रक आणि छोटी मोटार समोरासमोर धडकली तर कोण कोणावर जास्त बल लावतं?

बल दोन्हीकडे सारखंच असतं. न्यूटनचा तिसरा नियम या मुलांना तोंडपाठ होता, त्यावरची किचकट गणितंही ती सोडवत होती. तरी बऱ्याच जणांच्या मते ट्रकच जास्त बल लावत होता. एका विद्यार्थिनीनं तर विचारलं, की उत्तर तुम्ही शिकवलंय तसं देऊ की मला खरंच वाटतं तसं? माझ्या मते कुठल्याही शिक्षकाला मिळालेला हा सगळ्यात प्रामाणिक अभिप्राय असेल. डोक्यात दोन कप्पे तयार झाले होते, एक परीक्षेचा, एक जगाचा, आणि मधली भिंत व्याख्यानानं जराही हलली नव्हती.

माझूर यांनी मग तासाची घडीच मोडली. थोडं सांगायचं, एक कोडं टाकायचं, प्रत्येकानं आधी एकट्यानं उत्तर नोंदवायचं, मग शेजारच्याला पटवून बघायचं, मग पुन्हा उत्तर द्यायचं. याला सहाध्यायी अध्यापन म्हणतात. ज्याला कालच कळलंय त्याला कुठे अडतं हे ताजं आठवत असतं. वीस वर्षं शिकवणारा ते विसरून गेलेला असतो.

२०१४ साली स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी ३३.८ टक्के विद्यार्थी नापास झाले. मधे मधे विद्यार्थ्यांकडून काही करून घेणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के.

चेंडूंचा प्रयोग सांगण्याच्या बाजूनं आणि हा अहवाल सांगण्याच्या विरुद्ध, असं वाटेल. नीट बघितलं तर दोघांचं भांडण नाही. माझूर यांच्या वर्गात प्रश्न कोण निवडतं? शिक्षक. वेळ कोण ठरवतं, शेवटी उलगडा कोण करतं? शिक्षकच. मुलांना वाऱ्यावर सोडलेलं नाही आणि ती नुसती ऐकतही बसलेली नाहीत. चेंडूंच्या प्रयोगातही सरस ठरलेल्या गटाला भाषण दिलं नव्हतं, उदाहरणांवर विचार करायला लावलं होतं. पडतात त्या दोन्ही टोकांच्या पद्धती: नुसतं बोलणं आणि नुसतं सोडून देणं.

छान वाटलेला तास

आता सगळ्यात गैरसोयीची गोष्ट. आपल्याला किती कळलं, हे आपल्याला कळत नाही.

हार्वर्डमध्येच २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना एक तास सुरेख व्याख्यान आणि एक तास हातपाय मारायला लावणारा वर्ग, असं दोन्ही मिळालं. व्याख्यानाच्या तासाला जास्त शिकलो असं त्यांनी सांगितलं. चाचणीत मात्र जास्त गुण दुसऱ्या प्रकारच्या तासाला पडले. ओघवतं बोलणं ऐकताना सगळं सोपं वाटतं, आणि सोपं वाटण्यालाच आपण समजणं म्हणतो. अडखळलं की वाटतं, आज काही जमलं नाही.

स्वतः अभ्यास करतानाही हाच चकवा लागतो. रोएडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ सालच्या प्रयोगात एका गटानं उतारा चारही सत्रांत वाचला, दुसऱ्यानं एकाच सत्रात वाचून पुढची तीन सत्रं न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, सुमारे ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानं पारडं फिरलं. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१.

माझाच एक तास सांगते. अपूर्णांकांची बेरीज. आकृत्या काढल्या, रंगीत खडू वापरले, समच्छेद करून दाखवले. “समजलं का?” “होऽऽ!” सगळ्या वर्गाचा एकच सूर. त्या दिवशी काय मनात आलं कोण जाणे, मी कोरे कागद वाटले आणि एकच गणित घातलं, १/२ + १/३. निम्म्याहून जास्त कागदांवर उत्तर होतं २/५. वरचे वरच्यात, खालचे खालच्यात. एका मुलीनं तर उत्तराखाली दोन रेघा मारून शेजारी स्वतःच बरोबरची खूण केली होती. २/५ हे १/२ पेक्षाही लहान आहे, म्हणजे काहीतरी मिळवल्यावर होतं तेच कमी झालं, हे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. माझ्या तर नाहीच, कारण मी ‘होऽऽ’ ऐकून खूश होते.

परांची कधी उतरवायची?

इमारत उभी राहीपर्यंत भोवती परांची लागते. ती नसेल तर काम होत नाही, आणि काम झाल्यावर काढली नाही तर खिडक्या उघडत नाहीत. शिकवण्यातल्या मदतीला ही उपमा वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी १९७६ मध्ये दिली आणि ती अजून टिकून आहे.

स्वेलर यांच्याच परंपरेतल्या संशोधकांना पुढे दिसलं, की नवशिक्याला उपयोगी पडणारी मदत जाणकाराला अडचणीची होते. ज्याला रस्ता पाठ आहे त्याच्या कानाशी कोणी ‘आता डावीकडे, आता सरळ’ करत राहिलं तर तो वैतागेल, कदाचित चुकेलही. सोडवलेली उदाहरणं पहिल्या आठवड्यात सोन्यासारखी. महिन्याभरानं तीच झोप आणतात, आणि तेव्हा मोकळा प्रश्न हवा असतो. म्हणून ‘ही शाळा अमुक पद्धतीनं शिकवते’ हे वाक्यच मला खटकतं. त्याच मुलाला त्याच विषयात जूनमध्ये एक पद्धत लागते आणि सप्टेंबरमध्ये दुसरी.

हा क्रम उलटाही लावता येतो. मनू कपूर यांनी २००८ पासून ‘फलदायी अपयश’ या कल्पनेवर काम केलंय. मुलांना आधी न शिकवलेलं गणित द्यायचं, झगडू द्यायचं, बहुतेक जण अडकणार हे गृहीत धरायचं आणि लगेच नंतर नीट शिकवायचं. अशा मुलांची संकल्पनेवरची पकड आधी शिकवलेल्यांपेक्षा चांगली आढळली. वाचून मला एकदम हुरूप आला आणि मी ते नेमकं चुकीच्या पद्धतीनं करून बघितलं. झगडू दिलं, पण तास संपला आणि शिकवणं दुसऱ्या आठवड्यावर गेलं. तोवर मुलांनी आपापले चुकीचे नियम पक्के करून ठेवले होते. यातलं फळ अपयशात नसतं, पाठोपाठ येणाऱ्या उलगड्यात असतं. शिवाय झगडण्यापुरतं भांडवल मुलांपाशी लागतंच. ज्याला अक्षरओळख नाही त्याच्यापुढे उतारा टाकून तो झगडेल अशी आशा करण्यात अर्थ नाही.

इथे एक आक्षेप हमखास येतो आणि तो खरा आहे. वर्गात सगळी मुलं एका पायरीवर नसतात. एकाची परांची उतरवायची वेळ झालेली असते, दुसऱ्याचा पाया अजून ओला असतो. यावर कुठल्याच पद्धतीकडे जादूची कांडी नाही. आधी कोण कुठे आहे हे बघून, इयत्तेपेक्षा पायरीनुसार गट पाडले तर बरंच साधतं. पण त्याला वेळ लागतो, माणसं लागतात, आणि अभ्यासक्रम पुढे पळत असतो.

प्रकल्प, गट आणि व्हिडिओ

प्रकल्प पद्धत नवी नाही. विल्यम किलपॅट्रिक यांचा तिच्यावरचा प्रसिद्ध निबंध १९१८ सालचा आहे. तिचं बळ म्हणजे सुट्या सुट्या शिकलेल्या गोष्टी एकत्र वापरायची संधी आणि कामात येणारी गोडी. दुखणं असं, की प्रकल्प देखणा होतो आणि शिकणं कडेला राहतं. ज्वालामुखीच्या प्रतिकृतीवर तीन तास कागदाचा लगदा थापणारं मूल तीन तास लगद्याचाच विचार करतं. विषय येत असलेल्या मुलांसाठी प्रकल्प उत्तम, विषयाची ओळख करून द्यायला महागडा.

गटात एक जण राबतो आणि तिघे नावं लिहितात, हे आपण सगळ्यांनी भोगलंय. इलियट अॅरन्सन यांनी १९७१ मध्ये यावर ‘जिगसॉ’ नावाची तोड काढली. विषयाचे तुकडे करायचे, प्रत्येकाला एकेक तुकडा पक्का शिकायला लावायचा आणि तो त्यानंच गटाला समजावायचा. कोणाचाही तुकडा गळला तर चित्र अपुरं, त्यामुळे कोणी फुकट बसू शकत नाही. मात्र ज्यानं आपला तुकडा चुकीचा समजून घेतला, तो चूकही तितक्याच मन लावून वाटतो.

फ्लिप्ड क्लासरूम, म्हणजे उलटा वर्ग. सांगणं घरी व्हिडिओवर, सोडवणं वर्गात शिक्षकासमोर. कल्पना फार शहाणपणाची आहे, कारण मूल अडतं ते ऐकताना नव्हे, करताना, आणि नेमकं तेव्हा कोणीतरी शेजारी असतं. मोडते ती एकाच जागी. व्हिडिओ न बघता आलेली मुलं. मग शिक्षक वर्गात पुन्हा तेच सांगतात, आणि ज्यांनी बघितला होता ती मुलं पुढच्या वेळी बघत नाहीत.

‘पण आमची मुलगी बघून शिकते’

प्रत्येकाची शिकण्याची एक शैली असते, कोणी बघून शिकतं, कोणी ऐकून, कोणी हातानं, आणि त्या त्या शैलीत शिकवलं की जास्त येतं, ही समजूत जगभर घट्ट रुजलेली आहे. हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली याचे पुरावे तपासले. शैलीशी जुळवून शिकवल्यानं फायदा होतो असं म्हणण्याजोगा भक्कम आधार त्यांना सापडला नाही. आवड असते, ती खरी. पण नकाशा बघूनच कळतो आणि राग ऐकूनच. तिथे विषय ठरवतो, मूल नाही.

‘वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के, केलेलं ९० टक्के’ असा एक त्रिकोण प्रशिक्षण शिबिरांत पडद्यावर दिसतोच. तो एडगर डेल यांच्या १९४६ सालच्या शंकूवरून आल्याचं सांगतात. डेल यांच्या शंकूत टक्केवारी नव्हतीच. कोणीतरी मागाहून चिकटवली. खऱ्या मोजमापातून इतके गोल आकडे निघत नाहीत, एवढ्यावरूनच शंका यायला हवी होती.

घोकंपट्टीबद्दल, भीत भीत

“म्हणजे तुम्ही पाठांतराच्या बाजूच्या!” हा टोमणा मला मिळाला आहे. अर्थ न कळता घोकणं निरुपयोगीच, माझूर यांच्या वर्गानं ते दाखवलंच. पण काही गोष्टी पाठ असणं हे विचार करण्याचं भांडवल आहे. बुद्धिबळावरचा जुना प्रयोग बघा. चेस आणि सायमन यांनी १९७३ मध्ये खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवून पुन्हा मांडायला सांगितलं. निष्णात खेळाडूनं नवख्यापेक्षा कितीतरी जास्त मोहरी अचूक ठेवली. मग मोहरी वेडीवाकडी, कशीही मांडून दाखवली, आणि निष्णात खेळाडूची ती आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. त्याचं टेबल मोठं नव्हतं. कपाटात डावांची गाठोडी होती. ‘माहिती काय, शोधली की सापडते, विचार करायला शिकवा’ म्हणणाऱ्यांना मला विचारावंसं वाटतं, की विचार कशाचा करायचा?

सध्या मी काय करते

तासाची शेवटची तीन मिनिटं. कागदाचा चतकोर, वह्या बंद, आज शिकवलेलं एक गणित आणि मागच्या आठवड्यातलं एक. नाव लिहायचं, गुण नाहीत. सुरुवातीला मुलं कुरकुरली, एकानं तर चतकोरावर नुसतं ‘कंटाळा’ लिहून दिलं. ते चतकोर संध्याकाळी तीन ढिगांत पडतात. ज्यांना आलं त्यांना दुसऱ्या दिवशी माझ्याकडून एक अवघड प्रश्न मिळतो आणि माझी मदत बंद होते. अर्धवट आलेल्यांना सोडवलेलं उदाहरण मिळतं, शेवटच्या दोन पायऱ्या खोडलेल्या. तिसऱ्या ढिगातल्या मुलांपाशी मी स्वतः जाऊन बसते. ढिगांतली नावं रोज बदलतात. परवा दोन रेघा मारणारी ती मुलगी पहिल्या ढिगात होती, आणि अवघड प्रश्न बघून म्हणाली, “हे काय, सांगणार नाही का तुम्ही?”